क्ले शूटिंगला सेमी-ऑटो शॉटगन चालते का? नागपूर-विदर्भवाल्यांनी सांगा

धरमपेठ_ट्रॅप
नमस्कार मंडळी. इथं रायफल-पिस्तूलवाले भरपूर आहेत, शॉटगनवाले मोजकेच दिसतात, म्हणून मुद्दाम वेगळा धागा काढून राहिलो. मी ट्रॅप शिकतोय, म्हणजे आपल्यापासून लांब पळणारी क्लेची बशी हवेतच फोडायची. नागपूरहून रात्रीची गाडी पकडून भोपाळ, दिवसभर रेंजवर, आणि परत. तिथं जवळजवळ सगळ्यांच्या हातात ओव्हर-अंडर असते, म्हणजे एकावर एक नळी असलेली. मीही रेंजचीच ओव्हर-अंडर चालवतो, चांगली आहे, पण दुपारनंतरच्या राउंडला खांदा बोलायला लागतो आणि मग बार काढायच्या आधीच अंग आखडतं, बर्ड (ती उडती बशी) सुटतो आणि बंदूक जागच्या जागी थांबते.

मधे ताईकडे इंग्लंडला जाणं झालं. भाऊजी रविवारी क्ले ग्राउंडवर जातात, मलाही नेलं, तिथल्या इन्स्ट्रक्टरनी हातात बेरेटाची सेमी-ऑटो दिली. काय सांगू, धक्का जवळपास नाहीच! बार झाला की रिकामं काडतूस उजवीकडे टणकन उडतं, पुढचं आपोआप चेंबरमधे जातं आणि खांद्यावर नुसता एक दाब आल्यासारखं वाटतं. दिवस संपला तरी खांदा ठणठणीत.

तर मला आता स्वतःचा परवाना काढायचाय आणि मनात सेमी-ऑटोच आहे. पण भारतात रेंजवर कोणाकडेच का दिसत नाही? स्पर्धेत चालते का? आणि नागपुरात परवाना मिळेल का? माहिती असणाऱ्यांनी जरा सविस्तर सांगा.

रेशीमबाग_बाराबोअर
धरमपेठ, आधी कायद्याचं पाहा, बंदुकीचं नंतर. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे नियम २०१६ चे. त्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात शस्त्रांची वर्गवारी दिली आहे आणि त्यात सेमी-ऑटोमॅटिक बंदुका पहिल्या वर्गात येतात, म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, ज्याला सगळे पीबी म्हणतात. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर तिथून वेगळी काढून तिसऱ्या वर्गात घातली आहेत, सेमी-ऑटो शॉटगन काढलेली नाही. साधी डबल बॅरल, ओव्हर-अंडर, पंप-ॲक्शन (हातानं पुढे-मागे ओढून भरायची) या एनपीबी, म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर. त्यांचा परवाना शहर हद्दीत पोलीस आयुक्त देतात, ग्रामीणला जिल्हाधिकारी. पीबीचा परवाना या दोघांच्याही हातात नाही, तो विषय दिल्लीला गृहमंत्रालयात जातो, आणि "खांदा दुखतो" हे कारण तिथं चालत नाही.

तुमच्या मनात येईल म्हणून आधीच सांगतो, भाऊजींची बंदूक येताना बॅगेत घालून आणायची कल्पनासुद्धा करू नका. आयात हा पूर्ण वेगळा मामला आहे. नॅशनल रायफल असोसिएशनच्या शिफारशीवर नामांकित नेमबाजांना ती सवलत मिळते, शिकाऊ माणसाला नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली. म्हणजे दोन जागा आहेत तुमच्याकडे, त्या विचार करून वापरा.

धरमपेठ_ट्रॅप
काका, हे इतकं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं, आभारी आहे. दुकानदार तर म्हणाला "पाहू, होऊन जाईल".

रेशीमबाग_बाराबोअर
दुकानदाराच्या "होऊन जाईल"वर शस्त्राचा व्यवहार करायचा नसतो. अर्ज भरायच्या आधी परवाना शाखेत जाऊन वर्ग कोणता ते विचारा, अर्जात तेच लिहा.

टेक्सासचा_महालकर
भाऊ मी मूळचा महालातला, आता डॅलसच्या बाजूला. इथं सुट्टीच्या दिवशी स्पोर्टिंग क्लेज मारतो आणि माझ्याकडे सेमी-ऑटोच आहे, तर या बंदुकीच्या बाजूनं कोणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहून राहिलो. कायदा काकांनी सांगितला तोच बरोबर, मी फक्त यंत्र कसं चालतं ते सांगतो.

दोन मुख्य प्रकार. पहिला गॅसवाला. नळीला खालून बारीक भोकं असतात, छर्रे पुढे जाताना मागच्या गॅसचा थोडा भाग त्यातून खाली येतो, पिस्टनला ढकलतो, पिस्टन बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या तुकड्याला, मागे नेतो, रिकामं काडतूस बाहेर, स्प्रिंगनं बोल्ट परत पुढे येताना नवीन काडतूस घेऊन येतो. रेमिंग्टन ११०० ही १९६३ मधे आली आणि अमेरिकेत क्ले मारणाऱ्या किती पिढ्या तिच्यावर शिकल्या असतील त्याला गणती नाही, बेरेटाच्या आजच्या ए४०० वगैरे त्याच गॅसवाल्या घराण्यातल्या. दुसरा प्रकार इनर्शियावाला, इटलीची बेनेली त्यासाठी प्रसिद्ध. त्यात गॅस वगैरे काही नाही, बंदूक धक्क्यानं मागे येते पण जड बोल्ट क्षणभर जागेवरच राहतो, मधली जाड स्प्रिंग दबते आणि मग तीच स्प्रिंग बोल्टला मागे फेकते. ही स्वच्छ राहते, महिनोन् महिने नाही उघडली तरी चालते, पण धक्का गॅसवालीपेक्षा जास्त लागतो.

या दोन्हींच्या आधीची म्हणजे जॉन ब्राउनिंगची ऑटो-५, पेटंट १९०० चं. त्यात बार झाला की अख्खी नळीच मागे सरकते. ती बंदूक जवळजवळ शतकभर बनत राहिली. म्हणजे हे तंत्र काही काल आलेलं नाही.

धरमपेठ_ट्रॅप
मस्त समजलं. मग गॅसवालीत धक्का खरंच कमी असतो का मला तसं वाटलं नुसतं?

काटोलरोड_मेकॅनिकल
हा प्रश्न माझा. मी इंजिनीअर आहे, ट्रॅप मित्राबरोबर मारतो. ढोबळ हिशोब करू.

बंदूक मागे येते ती छर्रे, वॅड (छर्र्यांमागचा बोळा) आणि दारूचा गॅस पुढे जातो म्हणून. संवेग दोन्हीकडे सारखा. २८ ग्रॅम छर्रे सेकंदाला साधारण ४०० मीटरनी गेले तर सगळं धरून १३ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंदच्या आसपास संवेग. ट्रॅपची ओव्हर-अंडर ३.७ किलोची धरली तर ती साडेतीन मीटर प्रति सेकंदनी मागे येते, ऊर्जा जवळपास २३ ज्यूल. आता तीच बंदूक आणि २४ ग्रॅमचं काडतूस घ्या, ऊर्जा १७ ज्यूलच्या आत येते. फक्त डबा बदलला, बंदूक तीच, आणि पाव हिश्शाहून जास्त धक्का गेला!

सेमी-ऑटो बहुतेक हलकी असते, समजा ३.२ किलो. त्याच २४ ग्रॅमच्या काडतुसाला हलक्या बंदुकीत ऊर्जा उलट वाढते, १९ ज्यूलच्या आसपास. मग मऊ का लागते? कारण गॅसवालीत जड बोल्ट आणि पिस्टन आधी मागे जातात, त्यांचा धक्का खांद्यापर्यंत थोडा उशिरा आणि पसरून पोचतो. एकूण ढकल तेवढीच, पण ठोसा लागायच्या ऐवजी रेटा लागतो. शरीराला ठोसा त्रास देतो.

म्हणून मला आधी एक सांगा, इंग्लंडला इन्स्ट्रक्टरनी तुम्हाला कोणतं काडतूस दिलं होतं? आणि भोपाळला कोणतं मारता?

धरमपेठ_ट्रॅप
थांबा विचारून सांगतो.

धरमपेठ_ट्रॅप
भाऊजींशी बोललो. ते म्हणाले नवशिक्यांना तिथं २१ ग्रॅमच देतात, आणि त्या बंदुकीच्या दस्त्यात धक्का शोषणारा डँपर पण बसवलेला होता. भोपाळला मी जे मारतो त्या डब्याचा फोटो मोबाईलमधे सापडला, त्यावर २८ लिहिलंय.

काटोलरोड_मेकॅनिकल
बघा! ३.७ किलोत २८ ग्रॅम म्हणजे २३ ज्यूल, आणि ३.२ किलोत २१ ग्रॅम म्हणजे १६ च्या आसपास. त्यावर गॅसचा पसारा आणि डँपर. तुम्ही दोन बंदुकांची तुलना केलीच नाही, तुलना झाली दोन काडतुसांची. ओव्हर-अंडरमधे २१ किंवा २४ मारून बघा, मग ठरवा.

आणि स्पर्धेत तसंही आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानं जास्तीत जास्त २४ ग्रॅमच चालतं. २८ वर सराव करून उपयोग काय?

वर्धारोड_स्कीट
हा मुद्दा कोणीतरी काढायलाच हवा होता. मी स्कीट मारते, म्हणजे दोन बाजूंनी आडव्या जाणाऱ्या बशा, उंची पाच फूट दोन इंच, आणि सुरुवातीला मला प्रत्येकानं हेच सांगितलं की बाई माणूस आहे, हिला सेमी-ऑटो द्या नाहीतर २० बोअर द्या. कोणी दस्त्याची लांबी मोजली नाही. रेंजच्या बंदुका उंच पुरुषांच्या मापाच्या असतात, माझ्या हाताला तो दस्ता लांब पडायचा म्हणून मी तो खांद्याच्या खोबणीत बसवण्याऐवजी दंडाकडे सरकवायचे, आणि मग दंड काळानिळा.

धरमपेठ, घरी आरशासमोर उभा राहा आणि डाग कुठं पडलाय ते बघ. दंडावर असेल तर दस्ता बाहेर जातोय, लांबी जास्त आहे किंवा कोपर चुकतंय. कॉलरबोनवर असेल तर तू छाती समोर करून रायफलीसारखा उभा राहतोस. गालाच्या हाडावर असेल तर दस्त्याची वरची कड तुझ्या चेहऱ्याला जुळत नाही, किंवा तू डोकं उचलतोस आणि बंदूक येऊन गालाला धडकते. माझा दस्ता पाऊण इंच कमी केला, मागे चांगलं रबर पॅड लावलं, आणि त्या दिवसापासून खांद्याची तक्रार संपली, बंदूक तीच जुनी ओव्हर-अंडर.

सेमी-ऑटोच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मान्य करते, त्यांच्यासोबत दस्त्याच्या मुळाशी घालायच्या पातळ चकत्या येतात, त्या बदलून दस्ता वर-खाली, डावी-उजवीकडे घरच्या घरी करता येतो. ओव्हर-अंडरला त्यासाठी ॲडजस्टेबल कोंब (दस्त्याची वर-खाली होणारी वरची कड) हवा, नाहीतर कारागीर शोधा.

टेक्सासचा_महालकर
ताई एकदम बरोबर. पण ज्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, मानेचा त्रास आहे, त्याला गॅसवाली बंदूक म्हणजे खेळ चालू राहणं आणि खेळ सुटणं यातला फरक असतो. माझ्या स्क्वॉडमधले सत्तरी पार केलेले आजोबा फक्त तिच्यामुळे अजून येतात. त्यामुळे सेमी-ऑटोला अगदीच मोडीत काढू नका.

हिंगणा_टीपॉइंट
मी नवीन आहे, पण वाचून एक विचार आला. सेमी-ऑटो पीबी आहे तर पंप-ॲक्शन घ्यावी ना, ती एनपीबी आहे, सहज मिळते, काडतुसं पण जास्त बसतात. मधला मार्ग होईल.

रेशीमबाग_बाराबोअर
नाही होणार. आयएसएसएफच्या नियमात १२ बोअरपर्यंतच्या सगळ्या शॉटगन चालतात, सेमी-ऑटोसुद्धा चालते, फक्त पंप-ॲक्शनला स्पष्ट मनाई आहे. गंमत बघा, आपल्या कायद्यात पंप सोपी आणि सेमी-ऑटो बंद, तिकडच्या नियमात नेमकं उलट. दोन्हीकडे बिनदिक्कत चालणारी एकच राहते, ती म्हणजे दोन नळ्यांची. धरमपेठ, तुमच्या "रेंजवर कोणाकडेच का दिसत नाही"चं अर्धं उत्तर हे आहे.

आणि जास्त काडतुसांचा क्लेला फायदा शून्य. ट्रॅपला एका बर्डवर जास्तीत जास्त दोन बार, फायनलला तर एकच. स्कीटला प्रत्येक बर्डला एकच. सेमी-ऑटो घेऊन उतरलात तरी मॅगझिन असं बंद केलेलं हवं की आत एकाहून जास्त काडतूस बसणार नाही.

बाकीचं अर्धं उत्तर सुरक्षेचं, आणि त्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. ओव्हर-अंडर उघडली की मोडून लोंबकळते. वीस पावलांवरून, पाठमोऱ्या माणसालासुद्धा वळून बघताच कळतं की ही बंदूक रिकामी आहे, दोन नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो. सहा जणांचा स्क्वॉड, एक स्टेशन सोडून दुसऱ्यावर चाललाय, पाठीमागे नवीन मुलं, पालक, पाणी देणारा पोरगा. तिथं प्रत्येकाला कोणाची बंदूक उघडी आहे हे न विचारता दिसलं पाहिजे. सेमी-ऑटोचा बोल्ट उघडा आहे की बंद हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही, म्हणून तिच्या चेंबरमधे रंगीत सेफ्टी फ्लॅग घालायला लावतात. नियम आहे, चांगला आहे, पण फ्लॅग घालायचा माणसानं, आणि माणूस विसरतो. मी रेंज ऑफिसर म्हणून उभा राहिलोय, बोल्ट बंद असलेली सेमी-ऑटो खांद्यावर टाकून कोणी वळला की माझ्या पोटात गोळा येतो. शिकणाऱ्याच्या हातात आधी मोडणारी बंदूकच पाहिजे, यावर मी कोणाचं काही ऐकणार नाही.

टेक्सासचा_महालकर
काका यात वादच नाही. इथंसुद्धा फ्लॅग नसेल तर स्टँडवरून परत पाठवतात. इंग्लंडमधे तर साध्या शॉटगन सर्टिफिकेटवर मॅगझिनमधे दोन आणि चेंबरमधे एक, बस, तीनच काडतुसांची सेमी-ऑटो ठेवता येते, त्यापुढची असेल तर रायफलसारखा वेगळा परवाना.

अजून एक तोटा मीच सांगतो, शेजाऱ्याचा. ट्रॅपला सगळे एका ओळीत उभे असतात आणि माझी रिकामी काडतुसं उजवीकडच्या माणसाच्या कानाशी जातात. गरम असतात. त्यासाठी रिकामं काडतूस अडवणारी क्लिप मिळते, ती लावायची. डावखुऱ्यांना तर ते सगळं तोंडासमोरून जातं, त्यांनी डाव्या हाताचीच घ्यावी.

काटोलरोड_मेकॅनिकल
चोकचं, म्हणजे नळीच्या तोंडाशी छर्र्यांचा पसारा आवरणाऱ्या अरुंद भागाचं पण सांगा ना कोणीतरी, खरा तांत्रिक फरक तिथंच आहे.

टेक्सासचा_महालकर
हो तेच लिहीत होतो. ट्रेंच ट्रॅपचा बर्ड तुमच्यापासून पळत असतो, ७६ मीटरवर पडेल एवढ्या वेगानं सुटतो. पहिला बार जवळ, दुसरा तोवर बर्ड बराच लांब गेलेला. ओव्हर-अंडरला खालच्या नळीत थोडा मोकळा चोक आणि वरच्या नळीत फुल चोक घालता येतो, म्हणजे दोन अंतरांना दोन वेगळे पसारे. सेमी-ऑटोला नळी एक, चोक एक, दोन्ही बारांना तोच. खालची नळी आधी मारतात त्याचंही कारण आहे, ती खांद्याच्या रेषेच्या जवळ असल्यामुळे तोंड कमी उचललं जातं आणि दुसरा बार पटकन लागतो. पेराझीची एमएक्स८ १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी केली होती, आजही ट्रॅपवाले तोच नमुना घेऊन फिरतात, ते उगाच नाही.

आणि अडकणं. हलक्या काडतुसात गॅस कमी, त्यामुळे काही सेमी-ऑटो २१-२४ ग्रॅमला कुरकुरतात, रिकामं काडतूस अर्धवट बाहेर येऊन बोल्टमधे उभं अडकतं. बेनेलीचा बोल्ट हळूच हातानं मिटला तर तो पूर्ण फिरून लॉक होत नाही, चाप ओढला की नुसतं "क्लिक" आणि बर्ड आकाशात. रेमिंग्टन ११०० ला मॅगझिनच्या नळीवर एक काळी रबरी रिंग असते, आपल्या कुकरच्या गॅस्केटसारखी, ती तडकली की गॅस तिथूनच निसटतो आणि बंदूक एकबारी होऊन बसते. मी पिशवीत दोन जास्तीच्या ठेवतो. दर वेळी घरी आलो की पिस्टन काढून त्यावरचा काळा थर खरवडतो, दगडासारखा घट्ट बसतो तो, पितळी ब्रश आणि सॉल्व्हंट घेऊन बसावं लागतं. मला आवडतं ते काम, पण ज्याला आवडत नाही त्यानं या बंदुकीच्या वाटेला जाऊ नये.

रेशीमबाग_बाराबोअर
स्पर्धेत एका राउंडला दोनच मालफंक्शन (बंदूक किंवा काडतूस न चालणं) माफ, तिसरं झालं की बर्ड लॉस्ट, म्हणजे सुटला असं धरतात. बंदूक बदला, काडतूस बदला, हिशोब तोच. १२५ बर्डच्या क्वालिफिकेशनमधे दोन बर्डनी माणूस फायनलच्या बाहेर राहतो.

मानकापूर_बाबा
क्षमस्व, विषय थोडा बाजूला नेतो. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, एअर रायफल मारते, टीव्हीवर शॉटगन बघून तिला हेच करायचंय. तिला सेमी-ऑटोनं सुरुवात करून देता येईल का, हलकी असते म्हणून?

वर्धारोड_स्कीट
दादा, बाजूला नाही, विषयातलंच आहे. सेमी-ऑटो नको, वर वाचलंच असेल. स्वतःच्या नावानं परवाना एकवीस वर्षांपर्यंत मिळत नाही, पण बारा वर्षांवरच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली सरावासाठी बंदूक वापरता येते. रेंजवर कोचच्या हाताखाली, आखूड दस्त्याची ओव्हर-अंडर आणि सगळ्यात हलकं काडतूस, त्या दिवशी दहा-पंधरा बार, एवढंच. तिला जास्त मारू द्यायचं नाही, कितीही म्हणाली तरी. एकदा धक्क्याची भीती अंगात बसली की काढायला वर्षं जातात. कानाला डबल प्रोटेक्शन, आत प्लग आणि वर मफ, आणि चष्मा पहिल्या दिवसापासून, क्लेचे तुकडे वाऱ्यानं मागे येतात.

आणि तिला सांगा २०१८ पासून बायकांच्या ट्रॅप-स्कीटलाही पुरुषांइतकेच १२५ बर्ड असतात, आधी ७५ असायचे. मनीषा कीर भोपाळच्याच अकादमीत शिकली, २०१८ च्या ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपला ट्रॅपमधे सिल्व्हर. नागपूरहून एका रात्रीच्या अंतरावर हे घडतंय.

मानकापूर_बाबा
खूप धन्यवाद ताई. लेक शेजारी बसून वाचतेय.

रेशीमबाग_बाराबोअर
मुलीला पुढच्या वाटेची पण माहिती द्या. राज्य स्पर्धा, मग मावळंकर स्पर्धा, मग नॅशनल. ज्यांच्या नावानं ती स्पर्धा आहे ते ग. वा. मावळंकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष, १९५१ ला नॅशनल रायफल असोसिएशन उभी राहिली ती त्यांच्या पुढाकारानं. मराठी माणसानं लावलेलं रोप आहे, आपली पोरं तिथं जास्त दिसली पाहिजेत. कर्णीसिंहांचं १९६२ चं वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सिल्व्हर, मानवजित संधूचं २००६ चं वर्ल्ड टायटल, राज्यवर्धन राठोड यांचं अथेन्स ऑलिंपिकचं सिल्व्हर, हे सगळं शॉटगनमधलंच, पण आपल्याकडे शॉटगन म्हटलं की लोकांना शेतावरची राखण आठवते.

हिंगणा_टीपॉइंट
आपल्या उन्हाळ्याचा काही परिणाम होतो का? मे महिन्यात ४५ च्या वर जातं इथं.

काटोलरोड_मेकॅनिकल
होतो ना. क्ले म्हणजे माती नाही, चुनखडीची पूड आणि पिच यांचं मिश्रण, ११० मिलिमीटरची १०५ ग्रॅमची बशी. पिच उन्हात मऊ पडतं, पेट्या उन्हात राहिल्या तर बशा एकमेकींना चिकटतात, मशीनमधे अडकतात, आणि छर्रा लागूनही कधी कधी फुटत नाहीत, नुसतं भोक पडतं. पेट्या सावलीत. काडतुसंही गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका, तापलेल्या दारूचा दाब वाढतो. बंदुकीचं म्हणाल तर धूळ आणि जास्तीचं तेल यांची खळ होते, गॅसवाल्या बंदुकीला ती सगळ्यात आधी नडते. ओव्हर-अंडरला बिजागरीवर बोटभर ग्रीस आणि नळीतून एक कापड, बाकी काही मागत नाही ती. सकाळी सातला सुरू करायचं आणि दहाला आवरायचं, त्यानंतर तापलेल्या नळीवरची हवा थरथरते, बर्ड नीट दिसत नाही.

धरमपेठ_ट्रॅप
मंडळी, सगळं दोनदा वाचलं. या रविवारी भोपाळला जाऊन आलो. कोचना सांगून २४ ग्रॅमचा डबा घेतला, आणि ताईंनी सांगितलं तसा डाग पाहिला होता, दंडावरच होता. कोचनी आखूड दस्त्याची बंदूक काढून दिली. शेवटच्या राउंडलाही अंग आखडलं नाही, डावीकडे जाणारे बर्ड जे नेहमी सुटायचे त्यातले बरेच फुटले. बंदूक ओव्हर-अंडरच.

तर परवान्याचा अर्ज एनपीबीचा करतोय, ओव्हर-अंडरसाठी. सेमी-ऑटो भाऊजींकडे गेलो की तिथं मारीन, ती बंदूक मला आवडली ती आवडलीच. आता पुढचा प्रश्न, परवाना येईपर्यंत घरी बंदूक नाही, मग माउंटचा, म्हणजे बंदूक गाला-खांद्याला आणायचा, सराव कसा करू?

वर्धारोड_स्कीट
लांबीची गरज नाही, वजनाची आहे. सुताराकडून दस्त्याच्या आकाराचा लाकडी तुकडा करून घे, पुढे पाईप, त्यात वाळू भरून साडेतीन किलोच्या आसपास वजन आण. भिंत आणि छत जिथं मिळतात त्या रेषेवर नजर ठेव, पाईपचं तोंड त्या रेषेवरून हलू न देता तुकडा गालाला आणि मग खांद्याला आण. आधी गाल, मग खांदा, हा क्रम मोडायचा नाही. हळू कर, अगदी हळू, वेग आपोआप येतो. घराच्या आत कर, बाल्कनीत नको, शेजारी पोलिसांना फोन करतील. रोज थोडं पुरे, दमल्यावर केलेला माउंट चुकीचा पक्का होतो.

रेशीमबाग_बाराबोअर
आणि अर्जाला रेंजचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडा, ते लागतंच. शस्त्र कुठं ठेवणार त्या कपाटाचंही विचारतील, फ्लॅटच्या भिंतीत बोल्टनं बसवलेलं स्टीलचं कपाट आधीच करून ठेवा, चौकशीला हवालदार घरी येतो तेव्हा दाखवता येतं.

धरमपेठ_ट्रॅप
कपाट आजच सांगतो. ताई, पुढच्या खेपेला तुम्ही भोपाळला कधी जाणार आहात? एकत्र जाऊ.

वर्धारोड_स्कीट
शनिवारी रात्री मी आणि अजून दोघी निघतोय. यायचं असेल तर तिकीट आजच काढ, शनिवारच्या दिल्लीकडच्या गाड्या नागपूरला येईपर्यंत भरलेल्या असतात. मानकापूरवाले दादा, लेकीला बघायला आणायचं असेल तर तुम्हीही या, नुसतं बघायला काही परवाना लागत नाही, फक्त तिच्या कानाचे मफ बरोबर आणा.